दोन्ही बाजूंचे मुद्दे

मला कुठल्याही प्रश्नाची एकच बाजू धरून बसता येत नाही. हे मी गुण म्हणून सांगत नाही. नवऱ्याच्या मते हा सरळसरळ रोग आहे आणि तो मला नोकरीत जडला.

डोंबिवलीच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं वादविवाद स्पर्धेची मुलं माझ्या गळ्यात असायची. स्पर्धेचा विषय आधी कळायचा, पण कुठल्या बाजूने बोलायचं ते त्या दिवशी सकाळी चिठ्ठी उचलल्यावर ठरायचं. त्यामुळे तयारी दोन्हीकडची. वहीच्या डाव्या पानावर अनुकूल, उजव्या पानावर प्रतिकूल. करांचा विषय दर दोन-तीन वर्षांनी फिरून यायचा: श्रीमंतांनी जास्त कर भरावा, की गरिबांनीही त्यांच्या बरोबरीने? मी मनाने कायम डाव्या पानाची. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं, यात वाद घालण्यासारखं काय आहे हेच मला कळत नसे. आणि म्हणूनच ते पान मी घाईघाईत उरकायचे. ज्याची ओंजळ मोठी, वगैरे वगैरे. उजव्या पानासाठी मात्र डोकं खाजवावं लागे, उदाहरणं शोधावी लागत, एकेक वाक्य चार वेळा खोडून लिहावं लागे. साहजिकच बक्षीस उजव्या पानाला मिळे. स्टाफरूममध्ये हे सांगून मी हसायचे. मला न पटलेलं मी जास्त चांगलं लिहिते, याचा मला चक्क अभिमान होता.

गेल्या वर्षापासून मी ते कुणाला सांगत नाही.

आम्ही बाळकुमला राहतो. लग्न होऊन आले तेव्हा इथे बैठी चाळ होती, गावातल्या एका जुन्या घराण्याच्या शेतावर बांधलेली. त्यांची आधी भातशेती आणि खाडीकडे मिठागर, मग चाळीची भाडी, मग बिल्डर. आता त्याच जागेवर बावीस मजली इमारत आहे. वरचे तीन मजले मालकांच्या घरच्यांचे, मधले विकत घेऊन आलेल्यांचे आणि खालचे चार आम्हा चाळकऱ्यांचे. चाळकऱ्यांना सव्वातीनशे फुटांची घरं फुकट मिळाली. आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणून वर पैसे भरून जरा मोठं घेतलं. म्हणजे राहायला चाळकऱ्यांत आणि फुटांच्या हिशेबाने मधल्यांत. दोन डगरींवर पाय म्हणतात ना, तो आमचा पत्ताच आहे.

शेजारी वहिनी. चाळीत चोवीस वर्षं त्यांची आणि आमची भिंत एकच होती, आणि इथेही आम्ही मागून घेऊन शेजारची घरं मिळवली. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, मूळच्या सावंतवाडीकडच्या. चाळीतले सगळे मला बाई म्हणतात तशा त्याही बाईच म्हणतात, आणि इतकी वर्षं माझ्याशी बोलताना तुम्हीचं तू त्यांनी केलं नाही. त्यांचे यजमान कोलशेतच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पुढे काही वर्षांनी तेही गेले. एक मुलगी कल्याणला दिलेली, तिच्याच संसाराला ठिगळं. वहिनींना थोडी पेन्शन येते. त्यात गॅस, बीपीच्या गोळ्या आणि भाजी बसते. त्यापलीकडे काही बसत नाही.

घरं दिली तेव्हा बिल्डरने चाळकऱ्यांच्या नावाने एक फंड ठेवला होता. आमच्या चार मजल्यांचा मेंटेनन्स त्यातून जायचा. गेल्या वर्षी तो फंड आटला. आता सगळ्यांनी खिशातून भरायचं, तर ते कसं? दर घराला सारखं, की घराच्या फुटांप्रमाणे? सारखं झालं तर वहिनींची जवळजवळ अर्धी पेन्शन त्यातच जाणार होती. फुटांप्रमाणे झालं तर ओढाताण झाली असती, पण निभावलं असतं. आमचं घर मधलं, आम्हाला कसंही केलं तरी शे-दीडशेचाच फरक.

“सारखं ठरलं तर मी हे घर भाड्याने देणार,” वहिनी एकदा कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या. “शीळफाट्याच्या पुढे दिरांची एक खोली रिकामी आहे. तिथे जाईन.”

उद्या दळण आणायचंय, अशा सुरात. मी तिथून उठून घरी आले आणि पुसलेला ओटा परत पुसला. शीळफाटा काही परदेश नाही, पण सत्तरीला आलेल्या बाईने एकतीस वर्षांच्या ओळखीची माणसं सोडून दिराच्या खोलीत जायचं ही गोष्ट मला सहनच होईना. आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःसाठीही होईना. त्या गेल्या तर संध्याकाळी मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार होते?

नवऱ्याला यातलं काही सांगायला जावं तर त्याचं भलतंच. तेव्हा टीव्हीवर रोज करांची चर्चा चालायची, आणि तो त्या माणसांना घरात बसून उत्तरं द्यायचा. “भरतो कोण? आम्ही पगारदार. आधी कापून घेतात, मग हातात देतात. बाकीचे नुसते हात पुढे करून उभे.” एका संध्याकाळी वहिनी विरजण मागायला आल्या, त्यांच्या कानावर हे पडलं.

“भाऊजी, तेलाच्या पिशवीवर कर असतो ना?” त्यांनी विचारलं.

“असतो.”

“साबणावर?”

“असतो.”

“मग मी कधीपासून भरतेय की. दुकानदार मला काही गरीब म्हणून स्वस्तात देत नाही. तुमच्याएवढंच घेतो.”

नवरा हसला आणि त्याने चॅनल बदललं. मी विरजणाची वाटी हातात घेऊन तशीच उभी. वीस वर्षं डावं पान भरलं, पण हा एवढा साधा मुद्दा मला कधी सुचला नव्हता.

मीटिंगच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरचा रिक्षावाला माझ्याकडे आला. चाळीतलाच, चाळिशीचा, त्याच्या दोन्ही मुली घरी माझ्याकडे शिकवणीला येऊन गेलेल्या. “बाई, आपल्या लोकांतर्फे मला बोलायला सांगितलंय. पण माझं कसं होतं, माईक हातात आला की मी डायरेक्ट भांडायलाच लागतो. तुम्ही चार मुद्दे लिहून द्या ना. फुटाप्रमाणे घ्या म्हणून.”

मी देते म्हटलं. देणारच होते.

दोन दिवसांनी भाजी घेऊन येताना गेटपाशी सोसायटीचे अध्यक्ष भेटले. चौदाव्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. “बाई, आपण वादविवादाच्या जाणकार. सारख्या वर्गणीची बाजू मला जरा सभ्य शब्दांत मांडायची आहे. कुणी दुखावलं जाऊ नये. दोन-चार मुद्दे काढून द्याल? आपण निःपक्षपाती आहात, म्हणून आपल्यालाच विचारतो.”

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. मी म्हणाले, “बघते.”

का म्हणाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पैशांचा लोभ नव्हता. अध्यक्षांची भीती नव्हती. त्यांनी जाणकार म्हटलं ते गोड लागलं, एवढं खरं. शाळा सुटून चार वर्षं झाली होती, कुणी काही लिहून मागत नव्हतं. आणि सवय. विषय समोर आला की दोन पानं आखायची, ही इतक्या वर्षांची सवय. चिठ्ठी कुठलीही निघो, मुलं अडायला नकोत. पण इथे चिठ्ठी निघणार नव्हती आणि मुलंही नव्हती, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

रिक्षावाल्याचे मुद्दे अर्ध्या तासात झाले. वापर जास्त त्याचा वाटा जास्त, ज्याची ओंजळ मोठी, सामाजिक न्याय. तेलाच्या पिशवीचा मुद्दासुद्धा घालायचा राहिला, कारण तोवर मला वाटलं होतं की हे तर सगळ्यांना पटलेलंच आहे.

अध्यक्षांच्या मुद्द्यांना दोन दिवस लागले. सारखं का द्यावं? डोकं चालेना. घरात येरझाऱ्या घातल्या, दोनदा चहा केला, तो गार केला. मग चाळीतली पूजा आठवली. आमच्या चाळीत वर्षातून एकदा सार्वजनिक सत्यनारायण व्हायचा. वर्गणी दर खोलीला एकच. कुणी जास्त द्यायची नाही, कुणी कमी द्यायची नाही. मंडपाशी फळा असायचा, त्यावर फक्त नावं लिहीत, आकडे लिहीत नसत, कारण सगळ्यांचा आकडा एक. एका वर्षी मालकांनी परस्पर आचाऱ्याचा सगळा खर्च उचलला, तर पूजेला कोण बसणार तेही त्यांनीच ठरवलं, आणि त्यावरून दोन महिने चाळीत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. पुढच्या वर्षापासून पुन्हा सारखी वर्गणी. मी हे लिहिलं. लिहिताना मला रंगत चढली, ती जुनी, स्पर्धेच्या आदल्या दिवसाची. ज्याच्या वाटचं दुसरा भरतो त्याला पुढे त्याचं ऐकून घ्यावं लागतं, हे वाक्य जमलं तेव्हा तर मी खूश होऊन खिडकीत जाऊन उभी राहिले.

आणि मग मी ते दुसरं उदाहरण घातलं. यजमानांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी एका बाईने माहेरचा तांब्याचा हंडा ठाण्याच्या बाजारात मोडीत घातला आणि वर्गणी पूर्ण दिली. फळ्यावर तिचं नाव सगळ्यांच्या रांगेत राहिलं. नाव मी लिहिलं नाही. “आमच्या चाळीतली एक बाई” एवढंच लिहिलं. नाव नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. ही शिक्षकांची खोड आहे, कुणाचंही आयुष्य उदाहरण म्हणून फळ्यावर मांडायचं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. खुर्च्या प्लास्टिकच्या, माईक कुरकुरणारा. वहिनी माझ्या शेजारी, इस्त्रीची साडी नेसून. कायद्याचे कागद दोन्हीकडून आणले होते आणि दोघांच्याही कागदांत आपापलंच लिहिलेलं होतं, त्यामुळे ते लवकरच बाजूला पडले. मतं घ्यायचं ठरलं.

आधी रिक्षावाला उभा राहिला. माझा कागद त्याने इमानदारीने वाचला. ओंजळ, सामाजिक न्याय, सगळं. मधे ओळ चुकली, पुन्हा मागून सुरुवात केली. त्याच्या तोंडी ती भाषा म्हणजे मापाचा नसलेला शर्ट. तो आपला भांडला असता तरी बरं, असं मला वाटत राहिलं. मागच्या रांगेत कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतं.

मग मालकांच्या घरची थोरली सून उठली. साठीची बाई, आवाज खणखणीत. “आमाला जास्ती द्याला काय नाय. आमी देव जास्ती. पन मंग गाड्यांची जागा बी जास्ती आमचीच. न गच्ची बी. फुकट कोन देतंय?”

यावर गलका झाला. आणि त्या गलक्यात अध्यक्ष शांतपणे उभे राहिले. त्यांनी कागद खिशातच ठेवला होता, म्हणजे पाठ केला होता. “बघा, आत्ताच ऐकलंत. ज्याच्या वाटचं दुसरा भरतो त्याला पुढे त्याचं ऐकून घ्यावं लागतं.” गलका थांबला. त्यांनी पूजा सांगितली, फळा सांगितला. चाळकऱ्यांच्या माना हलायला लागल्या. ते कधी चाळीत राहिले नव्हते, पण माझ्या शब्दांत ते फार छान बोलत होते. पुढे तांब्याचा हंडा आला. “परिस्थिती नव्हती, पण त्या माउलीने मान खाली घातली नाही. अशा माणसांची ही इमारत आहे.”

टाळ्या पडल्या. मी वहिनींकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मात्र मला कळला.

सारख्या वर्गणीच्या बाजूने हात वर करा, असं म्हटल्यावर मधले मजले वर झाले. त्यात नवल नव्हतं. मग माझ्या शेजारचा हात वर गेला. सरळ, कोपरात न वाकलेला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून वहिनींचा हात बघितला आणि आपलेही वर केले. चाळकऱ्यांतले निम्मे तसेच. वहिनींना जमतंय तर आपण कसं मागे राहायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला. फुटांप्रमाणेच्या बाजूने मी हात वर केला खरा, पण तोवर मोजणारे खुर्च्या उचलायच्या घाईत होते.

वहिनी घर सोडून गेल्या नाहीत. मीटिंगनंतर दहा-बारा दिवसांनी सकाळी सहाला त्यांच्या दाराची कडी वाजायला लागली. आधी वाटलं, फिरायला जात असतील. मग वॉचमनकडून कळलं. त्यांनी वर दोन घरी पोळ्यांचं काम धरलं होतं.

तेव्हापासून मी सकाळी अंथरुणात राहू शकत नाही. कडी वाजली की उठते, उगाच भांडी लावते, लावलेली काढते. राग येतो. अध्यक्षांचा येतो, मालकांच्या सुनेचा येतो, वहिनींचाही येतो. नाकापेक्षा मोती जड कशाला घालायचा? घरबसल्या कमी देता येत होतं, तर देऊन मोकळं व्हायचं. मग आठवतं की तो मोती मीच घडवून दिला होता, आणि सगळा राग उलटा फिरून घरी येतो.

नवऱ्याला एकदा सगळं सांगितलं. दोन्ही कागद मीच लिहिले होते तेही. मला वाटलं, आता हा म्हणणार, बघ, तुझा रोग. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “वहिनींचा वरचा फरक आपण भरू. गुपचूप. सेक्रेटरीला सांगून ठेवू.” रोज टीव्हीला फुकट्यांवरून ऐकवणारा माणूस हा. मला रडू आलं.

पण गुपचूप भरणं म्हणजे पुन्हा त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नावाने काहीतरी करणं, ते मला धजेना. म्हणून मागच्या आठवड्यात सकाळी कडी वाजली तशी मी दार उघडून बाहेर आले. वहिनी पदर खोचून कुलूप लावत होत्या.

“वहिनी, तुमच्या वर्गणीतला थोडा वाटा आम्ही उचलला तर? एवढं काम नको या वयात.”

“नको बाई.” त्यांनी कुलूप ओढून बघितलं. “मग मीटिंगमध्ये काय ऐकलं आपण?”

“ते मीच लिहून दिलं होतं,” मी म्हणाले. एकदाचं तोंडातून गेलं. “अध्यक्ष बोलले ते सगळं. माझंच.”

“माहीत आहे की. हंड्याचं तुमच्याशिवाय मी कुणाला सांगितलंय? ह्यांनासुद्धा नव्हतं सांगितलं.”

“मग बोलला का नाहीत? रागावला का नाहीत माझ्यावर?”

“रागावले होते. तुमच्याकडे आठ दिवस आले नव्हते, बघा आठवून.” त्यांनी किल्ली कनवटीला लावली. “खोटं लिहिलं असतंत तर भांडले असते. पण खरं लिहिलंत, आणि चांगलं लिहिलंत. एवढी माणसं टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या ऐकून मी कमी पैशांसाठी हात वर करायचा, होय?”

त्यांनी चपला सरकवल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. विसाव्या मजल्यावर साडेसहापर्यंत पोळ्यांना सुरुवात व्हावी लागते. उशीर झाला की ती थोरली सून ताडताड बोलते, आणि वहिनी मान खाली घालून ऐकून घेतात.